कडेची माणसं

जुन्या ग्रुप फोटोत कोण कुठे बसणार, हे फोटोग्राफर वाड्यात पाऊल टाकण्याआधीच ठरलेलं असायचं. मधोमध खुर्च्या. मधल्या खुर्चीवर पणजोबा, काठी गुडघ्याला टेकवून; शेजारी पणजी. त्यांच्या दोन्ही अंगांना मुलगे, वयाच्या उतरत्या क्रमाने. पुढे सतरंजीवर नातवंडं, त्यातलं सगळ्यात धाकटं कुणाच्या तरी मांडीवर. मागे उभ्या लेकी-सुना. थोरली सून मधल्या बाजूला, नव्याने घरात आलेली अगदी टोकाला. आणि त्याही पलीकडे, फोटोच्या कडेला खेटून, शिकायला राहिलेला लांबचा भाचा, माहेरी परत आलेली विधवा आत्या, दाराच्या चौकटीत अर्धाच दिसणारा गडी. घरात ज्याला मान कमी, तो फोटोत कडेला. हे कुणी बोलून दाखवत नसे. प्रत्येक जण आपापली जागा ओळखून उभा राहत असे.

वाईच्या आजोळघरातले असे पुष्कळ फोटो मी स्कॅन करून घेतले. काही जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, खाली स्टुडिओचं नाव उठावात छापलेलं. काही काळ्या कागदाच्या अल्बममधले, चार कोपऱ्यांना त्रिकोणी कागदी खोळी, दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला बटर पेपर. नातेवाईक पुण्यात, इंदूरला, न्यू जर्सीत पांगलेले. मूळ अल्बम एका जागी आणि एकाच कपाटात. म्हणून सगळ्यांना बघता येईल अशी एक ऑनलाइन गॅलरी केली आणि फोटो चढवले. पान उघडल्यावर सारख्या मापाच्या चौकोनांची नीटनेटकी जाळी समोर आली. रंग करडा-तपकिरी, फटी सारख्या, सगळं एका रेषेत. दिसायला फार सुरेख. आणि प्रत्येक ग्रुप फोटोतून दोन्ही टोकांची माणसं गेलेली.

यामागचं गणित साधं आहे. ३५ एमएम फिल्मवरची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची, म्हणजे उंचीच्या दीडपट रुंद. तिच्या मधला चौकोन घेतला की रुंदीचा एक तृतीयांश भाग बाहेर राहतो. डावीकडून सहावा हिस्सा, उजवीकडून सहावा हिस्सा. मागच्या ओळीत बारा जणी खांद्याला खांदा लावून उभ्या असतील, तर दोन्ही टोकांच्या दोन-दोन जणी गेल्या. मोबाइलवर काढलेला ४:३ मापाचा फोटो असेल तर चौथा हिस्सा जातो. १६:९ असेल तर जवळजवळ ४४ टक्के. फोटो जितका आडवा, म्हणजे त्यात जितकी जास्त माणसं मावावीत म्हणून तो आडवा काढलेला, तितकी जास्त माणसं त्याच्या थंबनेलमधून, म्हणजे गॅलरीतल्या छोट्या चित्रातून, गळतात. आमच्याकडे एका शाळेचा लांबलचक फोटो आहे, उंचीच्या तिप्पट रुंद. त्याच्या चौकोनी थंबनेलमध्ये मुख्याध्यापक आणि त्यांच्या शेजारचे शिक्षक उरले होते. टोकाला टोपी घालून ताठ उभे असलेले शिपाईमामा त्यात नव्हते, आणि ज्याच्यासाठी तो फोटो आमच्या घरात जपून ठेवलेला आहे तो सातवीतला मुलगा, माझे आजोबा, तेही नव्हते.

उभ्या फोटोंवर हीच कात्री वरून आणि खालून चालते. स्टुडिओत फुलदाणीच्या उंच स्टुलावर हात ठेवून उभे राहिलेले थोरले काका पगडीच्या अर्ध्यातून कापले गेले. नऊवारी नेसलेल्या नवरीची जोडवी गेली, काठ गेला. देव्हाऱ्यामागे लावलेल्या विठोबाच्या तसबिरीचाही मी फोटो घेतला होता. त्याच्या थंबनेलमध्ये कमरेवरचे हात ठळक होते, पण मुकुटाचं टोक नव्हतं आणि पायाखालची वीट नव्हती.

हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. गॅलरी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला फोटोत काय आहे हे माहीत नसतं. त्याला एक ठरावीक मापाचं खण दिलेलं असतं आणि फोटो त्यात बसवायचा असतो. वेबपानं रचणारे लोक यासाठी दोन पर्याय वापरतात, ‘कव्हर’ आणि ‘कंटेन’. कव्हर म्हणजे खण काठोकाठ भरायचा, फोटोचं जे बाहेर जाईल ते जाऊ द्यायचं. कंटेन म्हणजे फोटो पूर्ण दाखवायचा, खणात जागा रिकामी राहिली तर राहू द्यायची. कव्हर निवडलं आणि फोटोची कुठली बाजू धरायची हे वेगळं सांगितलं नाही, तर आडवा ५० टक्के आणि उभा ५० टक्के, म्हणजे बरोबर मध्य धरला जातो. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये थंबनेलचं मूळ माप १५० बाय १५० पिक्सेल ठेवलेलं असतं आणि त्याच मापात कापण्याची खूण आधीपासून केलेली असते. ती खूण काढली की थंबनेल कापलं जात नाही, प्रमाणात लहान होतं. एवढीशी खूण आहे, पण ती सेटिंगच्या पानावर जाऊन कुणीतरी काढावी लागते. बहुतेक लोक त्या पानावर कधी जातच नाहीत. त्यामुळे काहीच न ठरवता जे होतं, त्यात मध्य राहतो आणि कडा जातात.

मूळ फाइलला यातून धक्का लागत नाही. थंबनेल ही वेगळी, छोटी प्रत असते. फोटोवर बोट ठेवलं की अख्खा फोटो उघडतो. मग एवढं मनाला का लावून घ्यायचं, असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर मला माझ्या धाकट्या मामीच्या फोनने दिलं.

“काय गं, तुझ्या त्या पानावर मी कुठंय?”

“आहेस की मामी. माडीवरच्या फोटोत, डावीकडून पहिली.”

“तिथं तर तुझी मोठी मामी पहिली दिसतेय.”

“ते छोटं चित्र आहे. त्यावर बोट ठेव, मोठा होईल फोटो. मग दिसशील.”

“म्हणजे उघडल्यावर मी आहे, आणि तोवर नाही?”

ती रागावली नव्हती. तिने जे दिसलं ते सांगितलं. ती त्या घरात आली तेव्हा धाकटी सून होती, म्हणून टोकाला उभी राहिली. पुढे त्या घराचं सगळं तिनेच केलं: आजीचं आजारपण, पावसाळ्याआधीची कौलं, गणपतीतली दीडशे माणसांची ऊठबस. फोटो मात्र ती नवी असतानाचा आहे. आणि आता, इतक्या वर्षांनी, कॉम्प्युटरनेही नेमकं तिलाच बाहेर ठेवलं.

गॅलरी बघणारा माणूस खरं तर थंबनेलच बघतो. मोठा फोटो उघडायचा की नाही हे तो त्या छोट्या चित्रावरून ठरवतो. शंभरातले पाच-दहा उघडतो, बाकीच्यांवरून नजर फिरवून पुढे जातो. त्या फिरत्या नजरेत जो नाही, त्याला कुणी शोधायला येत नाही. न्यू जर्सीतल्या माझ्या भाचरांना तर या चेहऱ्यांची नावंही माहीत नाहीत. त्यांच्यासाठी पानावर जे दिसतं तेच घराणं.

चौकोनावर माझा मुळातून राग नाही. आमच्या अल्बममधले कितीतरी फोटो जन्मानेच चौकोनी आहेत. आग्फाचा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा एके काळी आपल्याकडे घरोघरी होता; त्यात १२० नंबरचा रोल बसे आणि सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो निघत. बाराच होते, म्हणून काढणारा विचार करून बटण दाबायचा. तो चौकोनातूनच बघत असे, माणसांना चौकोनात मावतील तशी जवळ घेत असे. मेणवलीच्या घाटावर पायऱ्यांवर बसलेल्या माझ्या आईचा आणि मावशीचा तसा एक फोटो आहे, चारही बाजूंनी पांढरी किनार असलेला. त्यात एक बोटभरही जागा वाया गेलेली नाही. तो चौकोनी खणात ठेवला की जसाच्या तसा बसतो.

सारख्या मापाची आवडही आजची नाही. आंद्रे दिस्देरी या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५४ मध्ये पॅरिसमध्ये भेटकार्डाएवढ्या फोटोंचं पेटंट घेतलं. एकाच काचेवर आठ छोट्या प्रतिमा घेता येत, त्यामुळे फोटो स्वस्त झाला, आणि सगळी कार्डं एका मापाची असल्यामुळे ती सरकवायला खाचा असलेले अल्बम निघाले. कुठल्याही घरातलं कार्ड कुठल्याही अल्बमात बसायचं. आजच्या गॅलरीतले सारखे खण त्या अल्बमच्याच वंशातले. पण तिथे फोटोच त्या मापासाठी काढलेला असे. माणूस त्या चौकटीत उभा राहायचा आणि पूर्ण उभा राहायचा. आधी एका चौकटीसाठी काढायचं आणि मग दुसऱ्या चौकटीसाठी कापायचं, ही गोष्ट वेगळी आहे, आणि माझी तक्रार तेवढ्यापुरतीच आहे.

उलट बाजूचं उदाहरणही बघायला मिळालं. इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झालं ते चौकोनी फोटोंवरच. आडवे-उभे फोटो २०१५ मध्ये चालू लागले, तरी प्रोफाइलवरची जाळी चौकोनीच राहिली. जानेवारी २०२५ मध्ये ती जाळी उभट झाली, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं चौकोनाच्या हिशेबाने फोटो मांडले होते, त्यांच्या चौकोनांच्या दोन्ही कडा गेल्या. म्हणजे दोष चौकोनाचा नव्हताच. एकच चौकट सगळ्यांवर लादायची ठरवलं की कुणाच्या तरी कडा जाणारच.

माझा एक आतेभाऊ सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणाला, “ताई, चेहरे ओळखून कापणारी सोय लाव की. डोकं कापलं जाणार नाही.” ती सोय मी लावून बघितली, आणि एकट्या माणसाच्या फोटोला तिचा उपयोग होतो हे मान्य केलं. थोरल्या काकांची पगडी परत आली. पण ग्रुप फोटोत तीस चेहरे असतात. यंत्राने त्यातला कुठला धरायचा? ट्विटरने अशीच एक सोय २०१८ पासून वापरली होती: फोटोतला नजर वेधणारा भाग यंत्राने हेरायचा आणि तोच दाखवायचा. ते यंत्र काळ्या माणसांपेक्षा गोऱ्यांचे चेहरे जास्त निवडतं, अशी ओरड २०२० मध्ये झाली. कंपनीने स्वतःची तपासणी केली, तसा कल खरोखर आढळला, आणि २०२१ मध्ये त्यांनी फोनवर फोटो न कापता दाखवायला सुरुवात केली. फोटो कुठे कापायचा हे माणसांनीच ठरवावं, असं त्यांनी स्वतःच लिहिलं. हे वाचून मला बरं वाटलं. आमच्या फोटोतल्या निम्म्या बायकांनी डोक्यावरून पदर घेतलेला आहे, मान खाली आहे, एकीचा चेहरा शेजारणीच्या खांद्याआड गेला आहे. नजर वेधून घ्यायची नाही, हीच त्यांना शिकवण होती. नजर वेधणारं ते निवडणाऱ्या यंत्राच्या हाती त्यांना द्यायची माझी तयारी नव्हती.

मग मी मांडणीचे बाकीचे प्रकार लावून बघितले. गॅलरीत साधारण तीन मिळतात. पहिली चौकोनी जाळी, तिच्याबद्दल सांगून झालं. दुसरी विटांच्या बांधकामावरून नाव पडलेली ‘मेसनरी’: सगळे कॉलम सारख्या रुंदीचे, फोटोची उंची मात्र ज्याची त्याची. पिंटरेस्ट या चित्रं जमवायच्या साइटमुळे ही मांडणी सगळ्यांच्या ओळखीची झाली. तिच्यात फोटो कापले जात नाहीत, म्हणून ती मला आधी आवडली. पण दोन अडचणी निघाल्या. सगळ्यांची रुंदी एकच असल्यामुळे उभा फोटो भलामोठा होतो आणि आडवा ग्रुप फोटो बारीक पट्टी होऊन बसतो. एकटे काका केवढे, आणि तीस माणसांचं कुटुंब केवढंसं! दुसरी अडचण क्रमाची. या मांडणीच्या साध्या प्रकारात फोटो एका कॉलममध्ये वरून खाली भरत जातात, मग दुसऱ्या कॉलममध्ये. वाचणारा मात्र डावीकडून उजवीकडे बघतो. मावशीच्या लग्नाचे फोटो तसे लावले तेव्हा हळदीच्या शेजारी सप्तपदी आली आणि अंतरपाटाच्या शेजारी पाठवणी. अंतरपाट अजून धरलेला आहे आणि शेजारी सगळे डोळे पुसताहेत. आपल्या लग्नाला क्रम आहे, तो मोडून चालत नाही.

तिसरा प्रकार ‘जस्टिफाइड’. यात ओळीची उंची एक, प्रत्येक फोटोची रुंदी त्याच्या त्याच्या प्रमाणात, आणि ओळ दोन्ही टोकांना बरोबर भिडलेली. फ्लिकर या फोटो ठेवायच्या साइटवर पूर्वी ७५ बाय ७५ पिक्सेलचे चौकोन असत. २०१२ मध्ये त्यांनी ही मांडणी आणली आणि पुढे तिचा कोड सगळ्यांना वापरायला खुला केला. हिशेब असा: ओळीतल्या फोटोंच्या रुंदी-उंचीची गुणोत्तरं बेरजेला घ्यायची आणि पानाच्या रुंदीला त्या बेरजेने भागायचं. दोन आडवे ग्रुप फोटो, प्रत्येकी १.५; एक चौकोनी, १; एक उभा, ०.६७. बेरीज ४.६७. पान १२०० पिक्सेल रुंद असेल तर, मधल्या फटी सोडून, ओळीची उंची साधारण २५७ पिक्सेल येते. पुढच्या ओळीत वेगळे फोटो, वेगळी बेरीज, थोडी वेगळी उंची. पंगतीत सगळ्यांची पानं एका रेषेत मांडतात आणि बसणाऱ्याच्या अंगाप्रमाणे जागा कमी-जास्त होते, तसं हे. कुणाची कड कापली जात नाही, आणि ज्या फोटोत माणसं जास्त त्याला जागा जास्त.

मी हीच ठेवली. या मांडणीत पान तितकंसं सुबक दिसत नाही, हे खरं आहे. ओळींच्या उंच्या वरखाली होतात, फोटोंच्या कडा एकाखाली एक येत नाहीत. सारख्या चौकोनांवरून नजर फार सुखाने घसरते, हे मी नाकारत नाही. पण घसरावी अशी माझी इच्छाच नव्हती. शेवटची ओळ ताणायची नाही, हे एक लक्षात ठेवावं लागतं. नाहीतर उरलेला एकुलता एक फोटो पानभर पसरतो.

मापाबद्दल मात्र मी हट्टाने वागले. १५० पिक्सेल रुंदीच्या थंबनेलमध्ये एका ओळीत दहा माणसं असतील तर माणशी पंधरा पिक्सेल, आणि त्यात चेहऱ्याला पाच-सहा. तेवढ्यात भुवया कुठल्या आणि हसू कुठलं? करड्या ठिपक्यांची रांग दिसते. ओळीची उंची तीनशेच्या आसपास नेली की दीडपट रुंदीचा फोटो साडेचारशेचा होतो, माणशी पंचेचाळीस पिक्सेल मिळतात. परक्याला तेवढ्यात काही कळणार नाही, पण घरच्याला मान कलती ठेवायच्या सवयीवरून माणूस ओळखता येतो. पान उघडायला थोडा वेळ जास्त लागतो. लागू दे. आमच्याकडची निम्मी मंडळी व्हॉट्सअॅपवर आलेल्या दुव्यावरून, फोनवरच बघतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे; त्यांच्यासाठी फोनवर आडव्या फोटोला अख्खी रुंदी दिली. फोटोखालची नावंही कायम दिसतील अशी ठेवली, कारण माउस नेल्यावर उमटणारी अक्षरं फोनवर बोटाला सापडत नाहीत. तारखेनुसार लावण्याची सोय बंद केली; स्कॅन केलेल्या फोटोला यंत्र स्कॅनची तारीख देतं, आणि पणजोबा नातवाच्या मुंजीनंतर येतात. क्रम हाताने लावला, आत्याला विचारून विचारून.

सेटिंग बदललं म्हणून आधी तयार झालेली थंबनेलं आपोआप बदलत नाहीत, हे या कामातलं सगळ्यांना माहीत असलेलं पथ्य. जुन्या कापलेल्या प्रती तशाच पडून राहतात. सगळ्या नव्याने तयार करून घ्याव्या लागतात. ते काम रात्रभर चालू ठेवलं. सकाळी पान उघडलं तर शाळेच्या लांब फोटोने एक ओळ जवळजवळ एकट्याने व्यापली होती. शिपाईमामांची टोपी दिसत होती, आजोबा दिसत होते.

मामीने पुन्हा फोन केला, या वेळी तक्रार घेऊन नव्हे. माडीवरच्या फोटोत ती जी साडी नेसली आहे, ती तिच्या आईने इरकलची म्हणून घेतली होती, ते मी खाली लिहावं, असं तिचं म्हणणं. मग तिने शेजारच्या तिघींच्या साड्यांचंही सांगितलं. तेही लिहिलं.

आणि इंदूरहून आत्याचे यजमान वेगळंच घेऊन आले. वाड्यातल्या सगळ्यात जुन्या ग्रुप फोटोत उजवीकडे, दाराच्या चौकटीत अर्धा दिसणारा जो माणूस आहे, त्याला आम्ही सगळे गडी समजत होतो. त्यांचं म्हणणं, तो गडी नव्हे, पणजोबांचा धाकटा भाऊ आहे. घरातून रुसून गेला होता आणि त्या दिवशी अचानक आला. थोरल्या आत्याला हे साफ नामंजूर आहे. रुसलेला भाऊ परत आला असता तर त्याला खुर्ची मिळाली असती, असं ती म्हणते. दोघांनीही चौकटीतल्या माणसाचा कान मोठा करून बघितला आहे आणि दोघांनाही आपलंच खरं वाटतंय. मी फोटोखाली दोन्ही नावं लिहून ठेवली आहेत, मध्ये ‘किंवा’ घालून. दिवाळीत सगळे वाईला जमतील तेव्हा मूळ फोटो भिंग घेऊन बघायचं ठरलं आहे.